हस्ताचा पाऊस, ऑक्टोबरचं ऊन आणि आपल्या कुंड्या

मृद्गंधा (पुणे)

गौरी-गणपती झाले, पितृपक्ष अर्ध्यावर आला. सध्या गच्चीवर गेलं की स्वतःच्याच बागेची लाज वाटते. जूनमध्ये हौसेनं लावलेलं सगळं एकतर अंगाबाहेर वाढलंय नाहीतर मान टाकून बसलंय. दोडक्याच्या वेलावर दोडके कमी आणि भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) जास्त. भेंडी माझ्यापेक्षा उंच झालीय, शेंगा मात्र निबर.

दरवर्षी या दिवसांत इथे 'आता काय पेरू?' असे चार-पाच धागे निघतात. म्हणून यंदा मीच एक काढते, सगळ्यांनी इथेच लिहा.

माझं मत आधीच सांगून टाकते: आत्ता काहीच पेरू नका. पितृपक्षात नवीन काही सुरू करायचं नाही, हा नियम मी एरवी पाळत नाही. बागेत पाळते. हे पंधरा दिवस मातीचे.

काल एक बारा इंची कुंडी उलटी केली. वरचा अर्धा इंच थर हिरवा, शेवाळलेला. त्याखाली माती ढोकळ्यासारखी बसलेली, बोट जाईना. अगदी तळाला मुळांचा गोल गोल गुंडा, आणि त्या गुंड्यानं तिन्ही भोकं बुजलेली. म्हणजे वरून पाणी ओतलं की ते कडेनं खाली उतरणार, मधली माती कोरडीच, आणि तळाशी डबकं. चार महिन्यांच्या पावसानं खतही धुऊन नेलेलं असतं. पानं पिवळी पडली की आपण पाणी वाढवतो, आणि गोंधळ आणखी वाढतो.

तर मी काय करते: माती बाहेर काढायची, जुनी मुळं वेचायची, दोन-तीन दिवस गच्चीवर पसरून वाळू द्यायची. मग त्यात तिसरा हिस्सा चांगलं कुजलेलं शेणखत आणि कुंडीमागे एक मूठ निंबोळी पेंड. भोकांवर खापराचा तुकडा. कुंड्यांखालच्या बशा काढून टाकायच्या, कारण हेच दिवस डेंगीचे.

पेरणी दसऱ्यानंतर. गेल्या वर्षी घटस्थापनेला मुहूर्त साधून कोथिंबीर पेरली होती. चार दिवसांनी संध्याकाळी हस्ताचा असा काही पाऊस आला की तासाभरात वाफा साफ. पुढच्या आठवड्यात कोथिंबीर उगवली, पण ती खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या पागोळीच्या पाइपापाशी. काकूंनी खुडून आमटीत घातली आणि मला वाटीभर आणूनही दिली.

२०२० साली हवामान खात्यानं पावसाच्या परतीच्या सरासरी तारखा बदलल्या. मुंबईची २९ सप्टेंबरची ८ ऑक्टोबर झाली. आपली पेरणीची वेळापत्रकं अजून आज्यांच्या तारखांवर चाललीत, एवढंच माझं म्हणणं.

गांडूळराव

धागा छान, पण माती उन्हात वाळवायची हे कुणी शिकवलं? चार महिने त्या मातीत जे जीवजंतू तयार झाले ते तुम्ही दोन दिवसांत भाजून काढता, आणि मग दुकानातून जिवाणू खताची बाटली आणता.

मी गेली सहा वर्षं एकही कुंडी उलटी केलेली नाही. वरची दोन इंच माती खुरप्यानं सैल करायची, कडेकडेनं सळईनं भोकं पाडायची, त्यात गांडूळखत भरायचं आणि वर सुक्या पाल्याचं चार बोटं आच्छादन. ऑक्टोबरच्या उन्हात उघडी माती दुपारपर्यंत तव्यासारखी तापते, आच्छादनाखालची ओली राहते. बोट घालून बघा.

मृद्गंधा

राव, तुमच्या कुंड्या ड्रमच्या आहेत. दोनशे लिटरच्या. तिथे गांडुळं संसार थाटतात. माझ्या बारा इंचीत हुमणी संसार थाटते. काल एकाच कुंडीतून इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या सात अळ्या निघाल्या, पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या. मुळं खाऊन टाकली होती. उलटी केली नसती तर कळलंच नसतं.

गांडूळराव

हुमणी असेल तर उलटी करा, तिथे वाद नाही. मात्र कंपोस्टच्या डब्यात त्याच चेहऱ्याच्या जाड अळ्या दिसल्या तर मारू नका. त्यातल्या पुष्कळशा कुजकं खाणाऱ्या असतात, तुमचंच काम करतात. कुंडीतून काढून डब्यात टाका.

वऱ्हाडी_ठेचा (नागपूर)

हे दसऱ्यापर्यंत थांबा म्हणणं पुण्याले ठीक आहे. आमच्याकडे ऑक्टोबरचं ऊन काय असते ते येऊन पाहा. दसऱ्यानंतर टाकलेला सांभार उगवतो अन् उगवल्याबरोबर करपतो. मी आत्ताच टाकला.

बाल्कनीश्वर (डोंबिवली)

सांबार टाकला?? कुठे, कुंडीत?

वऱ्हाडी_ठेचा

सांभार भाऊ, सांभार. तुमची कोथिंबीर. दर वर्षी कोणीतरी हे विचारतेच.

पद्धत सांगतो. धने अख्खे टाकू नका. एका धन्यात दोन बिया असतात. चपलेनं नाहीतर लाटण्यानं हलकेच रगडून दोन फाका करायच्या, पीठ नाही करायचं. रात्रभर पाण्यात, मग फडक्यात बांधून एक दिवस. टाकल्यावर वरून जुनी सुती साडी बांधायची, वीतभर उंचीवर. साडीचे तीन फायदे: पाऊस आला तर थेंबाचा मार बसत नाही, ऊन अर्धं होते, अन् चिमण्या धने टिपत नाहीत. आठ-दहा दिवस लागतात, तोवर उकरून पाहायचं नाही. आमची आई रोज उकरून पाहाते.

मेथी मात्र आताच टाका, तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येते. मुळा पण. पालकाले घाई नको, त्याचं बी गरमीत नीट उगवत नाही. मटार तर दिवाळीपर्यंत विसरा.

परसदार (रत्नागिरीजवळ)

साडीची युक्ती उत्तम. मुंबई-कोकणवाल्यांना आणखी एक उपद्रव असतो, त्याचं कुणी लिहिलं नाही: गोगलगायी. मोठ्या आफ्रिकन गोगलगायी, मुठीएवढ्या शंखाच्या. एका रात्रीत रोपांची अख्खी ओळ फस्त. मीठ टाकू नये, गोगलगाय मरते पण वाफ्यात पुढे काही धड येत नाही. संध्याकाळी ओलं गोणपाट पसरून ठेवावं. पहाटे उचललं की सगळ्या खाली गोळा झालेल्या असतात. हातमोजे घालून वेचाव्यात आणि साबणाच्या पाण्याच्या बादलीत. काम किळसवाणं आहे, पण आठ-दहा दिवस नेटानं केलं की फरक पडतो.

बाकी मृद्गंधाताईंनी भेंडी-दोडक्याला नावं ठेवली, ते काही पटलं नाही. भाद्रपद म्हणजे परसाचा भरलेला महिना. श्राद्धाच्या स्वयंपाकाला अळू, गवार, कारलं, भोपळा लागतो, तो उगाच नाही. ते सगळं आत्ताच दारात तयार असतं. निबर झालेले दोडके, भेंड्या उपटून फेकू नका. वेलावरचा सगळ्यात चांगला एक दोडका आणि झाडावरच्या दोन भेंड्या खुणेचा दोरा बांधून सोडून द्या. पार वाळून खुळखुळू लागल्या की बी काढायचं. काकडी मात्र पिवळीजर्द पिकवून, बी धुऊन, राखेत चोळून सावलीत वाळवायचं. माझ्याकडचं काकडीचं बी आईच्या वेळेपासूनचं आहे.

आणि पावसाचं म्हणाल तर आमच्याकडे म्हणतात, 'पडतील चित्रा तर भात खाईना कुत्रा'. हस्तापर्यंतचा पाऊस भाताला चालतो. चित्रा लागतं १० ऑक्टोबरच्या आसपास, तेव्हा भात कापणीला आलेलं असतं आणि तो पाऊस सगळं आडवं करतो. त्यामुळे दसरा उलटला म्हणजे पाऊस गेला, असं समजू नका.

बाल्कनीश्वर

मला एक वेगळंच विचारायचंय. शेवंती. गेल्या दिवाळीच्या सुमारास नर्सरीतून फुलांनी लदलेल्या तीन कुंड्या आणल्या होत्या. फुलं संपल्यावर कापल्या, जगवल्या, उन्हाळा काढला. आता झाडं मस्त, गुडघ्याच्या वर, गर्द हिरवी. पण कळीचा पत्ता नाही. आमच्या मागच्या इमारतीत एकांच्या शेवंतीला बारीक कळ्या दिसतायत, माझ्या ढिम्म. खत कमी पडतंय का? गेल्या महिन्यात चिमूटभर युरिया दिला होता.

गुलाबकाका (नाशिक)

युरिया बंद करा आधी. नत्र जास्त झालं की पानंच येतात. शेंडे कधी खुडले होते?

बाल्कनीश्वर

जुलैत एकदा, ऑगस्टच्या मध्यावर एकदा. ऊन सकाळी चार तास थेट आहे.

मृद्गंधा

खुडणी वेळेवर आहे, ऊन पुरेसं आहे. मग वेगळाच प्रश्न विचारते. रात्री बाल्कनीत अंधार असतो का?

बाल्कनीश्वर

रात्री? नाही. पार्किंगमधून दोन बाइक चोरीला गेल्यापासून सोसायटीनं खांबावर मोठा एलईडी लावलाय. तो नेमका आमच्या दुसऱ्या मजल्यासमोर. रात्रभर चालू. बाल्कनीत पेपर वाचता येतो. पण त्याचा काय संबंध?

मृद्गंधा

सापडलं!

शेवंती रात्र मोजते. म्हणजे तिची पानं मोजतात. दिवस लहान होत गेले आणि सलग अंधाराची रात्र पुरेशी लांब झाली की तिला कळी धरायचा इशारा मिळतो. मध्येच उजेड पडला की तिच्या हिशेबी रात्र झालीच नाही. तुमच्या तिन्ही कुंड्या अजून जूनमध्येच आहेत.

पॉलिहाउसवाले याच गोष्टीचा धंदा करतात. झाड उंच हवं तोवर रात्री दिवे लावून ठेवतात, आणि फुलं हवी असतील तेव्हा दिवे बंद करून वर काळं कापड ओढतात. म्हणून बाजारात शेवंती बाराही महिने दिसते. नाताळात लाल होणारा पॉइनसेटिया, तोही यातलाच.

परसदार

अगदी बरोबर. आमच्याकडे अंगणातल्या दिव्याखालची शेवंती शेजारच्या अंगणातल्या शेवंतीपेक्षा महिनाभर मागे असायची. आई म्हणायची, तिला दृष्ट लागली. दृष्ट नव्हे, साठचा बल्ब लागला होता.

बाल्कनीश्वर

आयला. मग आता? सोसायटीला दिवा बंद करा म्हटलं तर पुढच्या मीटिंगमध्ये मलाच चोर ठरवतील.

मृद्गंधा

कुंड्या दिव्याच्या आड हलवा, नाहीतर रोज संध्याकाळी सहाला वरून खोका पालथा घाला आणि सकाळी सातला काढा. रोज म्हणजे रोज. तीन-चार आठवड्यांत कळ्या दिसायला हव्यात. आत्ता सुरू केलंत तर दिवाळीपर्यंत कळ्या आणि पुढे फुलं.

बाल्कनीश्वर

वॉशिंग मशीनचा खोका आहे, माळ्यावर. त्यात दोन कुंड्या मावतील. तिसरी सिमेंटची आहे, हलत नाही. तिचं बघू.

नवी_कुंडी (औरंगाबाद)

मी बागेत अगदी नवीन. माझ्या लिंबाच्या रोपावर पक्ष्यानं घाण केली होती. पुसायला गेले तर ती हलली. दचकून चष्माच पडला हातातला. हे काय आहे? पानं कुरतडली आहेत.

मृद्गंधा

अभिनंदन, तुमच्याकडे फुलपाखरू जन्माला येणार आहे. लिंबावर, कढीपत्त्यावर याच दिवसांत या अळ्या येतात. लहान असताना काळपट-पांढऱ्या, हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या, म्हणजे पक्षी खात नाहीत. मोठ्या झाल्या की हिरव्यागार. हात लावलात तर डोक्यामागून दोन लाल-केशरी शिंगं बाहेर काढते आणि विचित्र वास येतो. घाबरू नका, चावत नाही.

रोप मोठं असेल तर दोन-चार अळ्या राहू द्या. राज्याचं फुलपाखरू म्हणून २०१५ साली जाहीर झालेला ब्ल्यू मॉरमॉन लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतो. रोप वीतभर असेल तर अळ्या उचलून मोठ्या झाडावर ठेवा. लगेच फवारणी नको.

नवी_कुंडी

रोप वीतभर आणि अळ्या पाच! शेजारच्या बंगल्यात मोठं ईडलिंबू आहे. रात्री नेऊन सोडू का? 😄

गांडूळराव

दिवसाढवळ्या सोडा, पुण्याचं काम आहे.

जास्वंदीवर मात्र पिठ्या ढेकूण आला असेल तर दयामाया दाखवू नका. पावसात तो दबून असतो, ऑक्टोबरचं कोरडं ऊन पडलं की कापूस फुटल्यासारखा फांद्यांच्या बेचक्यांत दिसायला लागतो. बुडाशी मुंग्यांची रांग दिसली की समजा वर आलाय. त्याच्या चिकट पाण्यासाठी मुंग्या येतात. थोडा असेल तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं पुसा. जास्त असेल तर फांदी कापून पिशवीत बांधून टाका, कंपोस्टमध्ये नको. मग लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी. फवारणी संध्याकाळीच. भर उन्हात केलीत तर पानं भाजतील आणि पिठ्या मजेत.

गुलाबकाका

गुलाबाचं मी सांगतो. माझ्याकडे चाळीसेक कुंड्या आहेत, त्यामुळे एवढा हक्क आहे.

छाटणी पाऊस थांबल्यावरच. ओल्या हवेत छाटलं की कापावरून काळी मर खाली उतरत जाते, फांदीच्या फांदी जाते. ऑक्टोबरचा दुसरा-तिसरा आठवडा बरा. आधी वाळकं, रोगट आणि आत वळलेलं काढायचं. मग पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या. उरलेल्या फांद्या निम्म्यावर, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून नवा फुटवा येतो) पाव इंच वर, तिरका काप. डोळा बाहेर बघत असेल तर फांदी बाहेर जाते आणि झाडाचं पोट मोकळं राहतं. हे एवढं कळलं की छाटणी कळली. कात्री दर झाडानंतर स्पिरिटनं पुसा. जाड कापांवर बुरशी लागू नये म्हणून बोर्डो पेस्ट: शंभर ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), शंभर ग्रॅम चुना, एक लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं, प्लॅस्टिकच्या भांड्यात भिजवून मग एकत्र करायचं. लोखंडाच्या बादलीत मोरचूद करू नका, बादली जाईल.

कलमाच्या जोडाच्या खालून जोमदार फुटवा आलेला दिसेल. नवीन लोक त्यालाच बघून खूश होतात. तो रानटी खुंटाचा आहे, मुळापासून ओढून काढा, नाहीतर दोन वर्षांत वरचा गुलाब नाहीसा होऊन खालचा राज्य करतो. छाटणीपासून दीड महिन्यात फूल. मोगऱ्याला मात्र आत्ता हात लावू नका, त्याची वेळ थंडीत.

जर्सीकर (न्यू जर्सी)

तुमचं ऑक्टोबरचं ऊन वाचून हेवा वाटतोय. आमच्याकडे रात्री गारठायला लागल्यात आणि घरात वार्षिक वाद सुरू झालाय: कढीपत्ता आत कधी घ्यायचा. रात्रीचं तापमान दहा सेल्सिअसच्या खाली जायच्या आत, हा माझा नियम. सौ. म्हणते अजून थोडं ऊन खाऊ दे. मागे एकदा तिचं ऐकलं आणि एका रात्रीत अख्खं झाड काळं पडलं.

आत घ्यायच्या आधी पानं वरून-खालून साबणाच्या पाण्यानं धुवायची आणि पंधरा दिवस इतर झाडांपासून लांब ठेवायचं. पांढरी माशी बाहेर थंडीनं मरते, पण आपणच तिला हीटरच्या उबेत घेऊन येतो. आत आल्यावर पाणी निम्मं. सगळी पानं गळली तरी टाकू नका, मार्चमध्ये फुटतो.

टोमॅटो हिरवेच उरलेत, दोन पाटी. पहिलं दहिवर पडायच्या आत काढावे लागतील. थोडे कागदात गुंडाळून पिकवणार, बाकीच्यांची तीळ-गूळ घालून चटणी. आणि इथे याच महिन्यात लसूण आणि ट्यूलिपचे कंद जमिनीत घालतात. थंडी खाल्ल्याशिवाय ट्यूलिप नीट फुलत नाही. लसूण तेवढा तुम्हालाही लावता येईल.

परसदार

लसूण आम्ही दिवाळीच्या आसपास लावतो. ट्यूलिप लांबूनच बघू.

रानवाटा (सातारा)

कुंड्यांबाहेर बघा जरा! कासला सध्या सोनकी आणि तेरडा जोरात आहे. सीतेची आसवं, गेंद, कवळा, सगळं एकाच फुटात. पश्चिम घाटाबरोबर कासही २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तेव्हापासून गर्दी वाढली आणि आता नावनोंदणी करून जावं लागतं. तेही बरंच झालं.

पण परवा एक बाई पर्समधून चमचा काढून रोप उकरताना दिसल्या. 'घरी कुंडीत लावते, इथे काय हजारो आहेत.' अहो, तिथे कातळावर वीतभरही माती नाही. चार महिने पाण्यात आणि आठ महिने तव्यावर, अशा जागी ही झाडं जगायला शिकलीत. तुमच्या शेणखताच्या कुंडीत ती आठवडाभरात कुजतात. तेरडाच हवा असेल तर बागेतल्या तेरड्याचं बी आत्ताच धरा. शेंग फुगून फिकट झाली की बोट लागताच फुटून बी उडतं, म्हणून आधी कागदाची पिशवी बांधायची. जूनमध्ये टाका, पुढची गौर घरच्या तेरड्याची.

अबोलीची_वेणी (फोंडा, गोवा)

आमच्या माटोळीला, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर बांधतात त्या चौकटीला, टांगलेली रानफळं उतरवली की आजी त्यांतल्या काहींचं बी कुंपणाला टोचून ठेवायची, त्याची आठवण झाली. पुढच्या वर्षी माटोळीसाठी रानात जायला नको.

सध्या दारात सोनटक्का आहे, संध्याकाळी गल्लीपर्यंत वास जातो. फुलून गेलेले दांडे जमिनीलगत कापा, नवीन फुटवे येतात. प्राजक्ताचाही हाच मोसम. पहाटे चादर अंथरली की परडीभर फुलं स्वच्छ मिळतात, माती लागत नाही. बंगालात दुर्गापूजेच्या दिवसांत त्याला फार मान, त्यांचं ते राज्यफूलच आहे. आणि अबोलीच्या सुकलेल्या तुऱ्यांवर पाणी पडलं की बी टचकन फुटून लांब उडतं. मुलांना दाखवा, मोबाइल खाली ठेवतील.

वऱ्हाडी_ठेचा

अन् हादगा? भोंडल्याचा हादगा खेळतात सगळे, पण झाड कोणी लावत नाही. आता फुलं यायला लागली. पांढऱ्या फुलांचे भजे, आतला केसर तेवढा काढून टाकायचा, कडू लागते. झाड वर्षा-दीड वर्षात डोक्याच्या वर जाते.

मृद्गंधा

आज घट बसले. नऊ धान्यांपैकी सातूच उगवतील अशी मला खात्री आहे, कारण बाकीची डब्यात दोन वर्षं पडून होती. घट म्हणजे घरातल्या बियाण्याची उगवण तपासायची जुनी रीत, असं काही जण म्हणतात. मला पटतं. नऊ दिवसांत कुठला डबा रिकामा करायचा ते कळतं.

(बारा दिवसांनी)

मृद्गंधा

कबुली द्यायची आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कोथिंबीर पेरली. माझा नियम, माझी तारीख. काल दुपारी चारला आभाळ काळं झालं आणि अर्ध्या तासात पुन्हा तेच. यंदा मात्र वर साडी होती, वऱ्हाडी भाऊंची. साडीत घमेलंभर पाणी साठलं, वाफा शाबूत.

वऱ्हाडी_ठेचा

माझा सांभार कापून झाला, दुसरा टाकला. काही म्हणत नाही, नुसतं सांगतो.

गांडूळराव

ताई, आणि उलट्या केलेल्या कुंड्या?

मृद्गंधा

निम्म्या तुमच्या पद्धतीनं केल्या. त्या कमी सुकतायत, हेही कबूल. हुमणी नेमकी त्याच निम्म्यांत आहे का, ते डिसेंबरात कळेल.

(दिवाळीच्या आदल्या आठवड्यात)

बाल्कनीश्वर

धागा वर काढतोय. रोज संध्याकाळी सहाला खोका, सकाळी सातला काढणं. मी ऑफिसातून उशिरा येतो म्हणून आईनं पत्करलं. वॉचमननं दोनदा विचारलं की खोक्यात काय पाळलंय.

पंचविसाव्या दिवशी दोन्ही कुंड्यांवर मोहरीएवढ्या कळ्या दिसल्या. आज वाटाण्याएवढ्या आहेत, चाळीसपर्यंत मोजल्या आणि सोडून दिलं. सिमेंटची तिसरी कुंडी हातभर लांब, त्याच मातीची, त्याच पाण्याची, दिव्यात उभी. तिच्यावर अजून एकही नाही.

आईचं म्हणणं आहे, त्या बिचारीला झोपच नाही. आजपासून तिच्यावर जुनी काळी छत्री बांधलीय.